खंडेनवमीला पुसलेली सतार

सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये आज एकही मशीन चालू नाही. खंडेनवमी आहे. आणि मशीन बंद असलं की माझ्या हातांचं काय करावं ते मला कळत नाही. लेथवरचा चिकटा डिझेलनं धुऊन झाला, ड्रिल मशीनच्या खालचा सगळा किस काढून झाला, पान्हे एका ओळीत मांडून झाले, ते पुन्हा उचलून दुसऱ्या ओळीत मांडून झाले. दत्तूमामा, आमचे जुने टर्नर, माझ्या वडिलांच्या वेळेपासून या शेडमध्ये असलेले, पायरीवर बसून झेंडूच्या माळा ओवतायत. मघाशी माझ्याकडं बघून म्हणाले, "मालक, बसा की जरा. किती घासताय? रंग निघंल त्याचा."

बसवत नाही. थोड्या वेळानं शर्वरी येईल. माझी मुलगी, बारा वर्षांची. आम्ही तिला शरू म्हणतो. पूजेला ती तिची सतार घेऊन येणार की नाही, हे तिनं सांगितलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही. तिला मोठी सतार घ्यायची की नाही, हा आमच्या घरातला प्रश्न वर्षभर अडकून पडलाय. अडकवणारा मी आहे, आणि तो कुठं अडकलाय हे माझ्याशिवाय आणि तिच्याशिवाय कुणाला माहीत नाही.

डिझेल, धूप आणि झेंडू यांचा एकत्र वास आला की माझ्या डोळ्यांसमोर गेल्या वर्षीची हीच सकाळ उभी राहते. च्यायला, वासाला तारीख वार बरोबर कळतो.

खंडेनवमीला ज्याच्या जिवावर घर चालतं ते पुसायचं आणि पुजायचं. शेतकऱ्याचा नांगर, शिंप्याची कात्री, आमचे लेथ. गेल्या वर्षी शरू सकाळीच म्हणाली, "पप्पा, माझी सतार पण न्यायची पूजेला. माझं पण हत्यार हाय की ते!" मला इतका आनंद झाला की काय सांगू. आमच्या सात पिढ्यांत कुणी सुरात आरतीसुद्धा म्हटलेली नाही. तिथं ही पोरगी वयाच्या सातव्या वर्षापासून सतार घेऊन बसते. सतार लहान मापाची, तिच्या सतारीच्या बाईंच्या दुसऱ्या एका विद्यार्थिनीची वापरलेली. पण शरूनं ती जिवापाड जपलेली. तिनं ती वर्कशॉपच्या टेबलावर ठेवली आणि आईबरोबर फुलं आणायला गेली. जाताना म्हणाली, "जरा पुसून ठेवा."

जरा. हा शब्द माझ्यासारख्या माणसाला सांगून काही उपयोग नसतो.

आधी भोपळा पुसला. मग दांडी. मग तारांच्या खाली बघितलं. तारा जिच्यावर टेकतात ती हाडाची छोटीशी पट्टी असते, तिला घोडी म्हणतात. त्या घोडीवर तारांच्या बारीक खाचा पडलेल्या. आता मी इचलकरंजी-कबनूरच्या यंत्रमागांचे सुटे भाग करणारा माणूस. झिजलेला भाग दिसला की माझा जीव कासावीस होतो. म्हटलं, एवढी जपलेली वस्तू आणि तिच्यावर चरे? खुंट्या सैल केल्या, घोडी अलगद हातात आली. बोट फिरवलं तर पृष्ठभाग सपाटही नव्हता, एका बाजूला उतरता होता. म्हटलं, बघा, किती वर्षं कुणी लक्ष दिलेलं नाही! झिरो नंबरचा पॉलिश पेपर घेतला, सपाटी तपासायची बिडाची जाड पाटी घेतली, आणि अर्धा तास तब्येतीत घासत बसलो. वर तेलाचा हात दिला. घोडी आरशासारखी झाली. दत्तूमामांना दाखवली, कामावरच्या पोरांना दाखवली, शेजारच्या शेडमधल्या पावण्यांना बोलावून दाखवली. "बघा, ह्याला म्हणायचं फिनिश!" पावणं म्हणाले, "नाद खुळा!"

शरू फुलं घेऊन आली तेव्हा घोडी जागेवर बसवून, तारा ओढून, हळद-कुंकू लावून सतार लेथच्या शेजारी मांडलेली होती. ती हसली. मग वाकून घोडीकडं बघितलं. मी म्हटलं, "काय, चमकते का न्हाय?" ती म्हणाली, "व्हय."

त्या "व्हय"कडं मी तेव्हा लक्ष द्यायला पाहिजे होतं. पण नारळ फोडायची घाई चाललेली.

दसऱ्याच्या आधीच बाईंनी मला बोलावून सांगितलं होतं, "आता मोठी सतार घ्या. हात वाढलाय तिचा. लहान सतारीवर बोटं एकमेकांवर चढतात." मी म्हटलं होतं, दिवाळीनंतर बघू. घ्यायची नाही असं काही मनात नव्हतं. पण आपल्याकडं पोरांची हौस तीन महिन्यांची असते. पलीकडच्या गल्लीतल्या एका घरात गिटार कपाटावर चढलेली मी स्वतः बघितली आहे, तिच्या गळ्यात आता छत्र्या अडकवतात. तेव्हा जरा परीक्षा बघून मग घ्यावं, एवढंच.

आणि दसऱ्यानंतर पोरीचं वाजवणंच बिघडलं.

संध्याकाळी मी घरी आलो की ती हॉलमध्ये सतरंजीवर बसलेली असायची. आधी तिच्या तारेचा आवाज जिन्यापर्यंत यायचा, पायात चपला असतानाच कळायचं की आज काय चाललंय. आता नुसतं टप्प. टप्प. टप्प. तार छेडली की आवाज तिथंच बसायचा, पुढं जायचाच नाही. मला सुरातलं काही कळत नाही, पण मेलेला आवाज कळतो. शंभर माग एकत्र चालू असलेल्या शेडमध्ये उभा राहून मी सांगतो की त्या कोपऱ्यातल्या मागाचा दांडा झिजलाय. लोक म्हणतात, ह्यांचा कान लई तयार. आणि या तयार कानाच्या माणसानं घरात काय निष्कर्ष काढला? की पोरीचं लक्ष उडालंय.

"शरू, मन लावून वाजव की जरा!"

"लावलंय."

"हे लावलेलं मन? आधी ही तरी धड वाजव, मग मोठीचं बघू."

ती मान खाली घालायची आणि परत टप्प. मग हळूहळू बसायचीच कमी झाली. पोटात दुखतंय, शाळेचा प्रोजेक्ट आहे, उद्या पेपर आहे. मी मनात म्हणायचो, झालं, चढली सतार कपाटावर. सुजाता, माझी बायको, चिडायची. "अहो, सारखं टोचू नका तिला. पोरगी सुकलीय." मी म्हणायचो, "सुकायला काय झालंय? लाड झालेत." आमच्या घरात त्या दिवाळीला फराळ झाला, किल्ला झाला, सगळं झालं, पण सतार नाही वाजली. दरवर्षी पाडव्याला ती आजोबांच्या फोटोपुढं काहीतरी वाजवायची. यंदा नको म्हणाली. मीही म्हटलं, नको तर नको. आणि दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिलो.

मग कारखान्यांचा हंगाम सुरू झाला. रस्त्यांवर ऊस आला. दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, त्यांच्या टपावरची गाणी, घरात बसून खिडकीच्या काचा हादरतील अशी. हवेत गुळाचा वास. या दिवसांत कोल्हापूर एरवी मला फार आवडतं. गेल्या वर्षी काहीच आवडलं नाही.

बाईंच्या क्लासची परीक्षा डिसेंबरात झाली. क्लासमध्ये शरू तिथलीच सतार घेते, मोठ्या मापाची, कारण स्कूटरवर रोज सतार नेणं म्हणजे जिवाशी खेळ. परीक्षा झाल्यावर बाईंचा फोन आला. "फार सुंदर वाजवलं हो तिनं. परीक्षकांनी थांबून विचारलं, कोण मुलगी ही. आता तरी मोठी सतार घ्या." मी फोन ठेवला आणि सुजाताला म्हटलं, "बाईंचं काहीतरी आहे. घरी टप्प टप्प आणि तिथं सुंदर? सतारवाल्याशी ओळख असणार त्यांची." सुजातानं माझ्याकडं असं बघितलं की मी आंघोळीला निघून गेलो. आज हे आठवतानाही लाज वाटते. बाईंसारखी सरळ बाई मी दुसरी बघितलेली नाही.

पण माझ्या डोक्यात एक बसलं होतं. मिरजेला जायचं, सतार करणाऱ्या कारागिराला ही लहान सतार दाखवायची, त्याच्या तोंडून "वाद्य चांगलं आहे" असं वदवून घ्यायचं, आणि पोरीला म्हणायचं, बघ, वाद्यात काही नाही, तुझ्यात आहे. बाप म्हणून मी हे ठरवून निघालो होतो. तिला मात्र सांगितलं, "चल, मोठी बघून येऊ." गाडीत ती मागच्या सीटवर सतार मांडीवर घेऊन बसली. आमच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर, त्याच्या पुढं अजून एक, जयसिंगपूरपर्यंत गाडी पुढं काढता येईना. मी हॉर्न मारत होतो, शिव्या गिळत होतो. आरशात बघितलं तर ती खुशीत होती. कित्येक महिन्यांनी खुशीत होती. तारेवर बोट ठेवून न वाजवता काहीतरी वाजवत होती.

दुकान म्हणजे अरुंद जागा, वर छताला टांगलेले वाळके भोपळे, खाली लाकडाचा भुसा. म्हातारे कारागीर, सगळे त्यांना चाचा म्हणत होते, मांडी घालून काम करत होते. दोन-तीन गिऱ्हाइकं बसलेली, एक सोलापूरचे गवई, एक त्यांचा शिष्य. चाचांनी शरूची सतार घेतली, एक तार छेडली. टप्प. त्यांनी हात थांबवला. दुसरी छेडली. टप्प. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला, घोडीवर बोट फिरवलं आणि असा चेहरा केला की जणू कुणी त्यांच्याच पाठीवर मारलंय.

"अरे देवा. हे कुणी घासलं?"

मला खंडेनवमीची सकाळ आठवली. तरी मी म्हटलं, "म्हणजे? खराब आहे का घोडी? चांगली चकचकीत तर दिसते."

"चकचकीत हाय म्हणून तर मेलीय ना ती!" चाचा म्हणाले. "साहेब, ही सपाट नसती. हिला बारीक उतार असतो, केसाएवढा. तार सुटते ती ह्या उतारावर घासत घासत जाते, म्हणून बोलते. त्याला जवारी म्हणतात. ती कानानं काढावी लागती, दोन दोन दिवस जातात माझे. कुणीतरी पार रंधा मारल्यासारखी सपाट केलीय. ह्याच्यावर कुणीबी बसला तरी टप्पच वाजणार. बेटा, तू हिच्यावर वाजवत होतीस इतके दिवस?"

गवई माझ्याकडं बघत होते. शिष्य माझ्याकडं बघत होता. चाचांनी पुन्हा विचारलं, "कुणी घासलं हे?"

मी तोंड उघडणार होतो. खरंच उघडणार होतो. पण त्याआधी शरू म्हणाली, "मी. मीच पुसत होतो आणि जास्त झालं."

आमच्याकडं पोरीसुद्धा अशाच बोलतात, मी करतो, मी जातो. गवयांना त्याचं हसू आलं. मग चाचांनी तिला हलकंच रागावलं, "असं करायचं न्हाय बेटा, वाद्याला जीव असतो," आणि ती "व्हय चाचा" म्हणून मान डोलावत राहिली. आणि मी? मी वर टांगलेले भोपळे बघत उभा राहिलो. एक भोपळा बघितला, दुसरा बघितला. "हे कुठनं येतात हो?" असंसुद्धा विचारलं. अहो, एवढा निर्लज्ज प्रश्न मी आयुष्यात कुणाला विचारला नसेल.

चाचांनी संध्याकाळपर्यंत नवी घोडी बसवून देतो म्हणून सांगितलं. आम्ही दर्ग्याजवळ चहा प्यालो, ती बिस्किटं बुडवून खात होती, मी उठत होतो, बसत होतो. परत आलो तेव्हा चाचा कान तारेला लावून कानस अगदी हळू फिरवत होते. एक घास, एकदा छेडायचं. एक घास, एकदा छेडायचं. मला वाटलं होतं मी कारागीर आहे. शेवटी त्यांनी सतार शरूला दिली. तिनं तार छेडली आणि आवाज उठला तो दुकानभर फिरत राहिला. तीच लहान सतार, तीच पोरगी. गवई "वा" म्हणाले. शरू वाजवत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ती ते पुसायला हात सोडत नव्हती.

मला ते सहन होईना. मी भिंतीवरची सगळ्यांत मोठी, सगळ्यांत नक्षीची सतार दाखवून म्हटलं, "चाचा, ती द्या. आत्ताच्या आत्ता. कशी का असेना, द्या." आत जे काही पेटलं होतं ते तेवढ्यानं विझेल असं मला वाटत होतं.

शरूनं वाजवणं थांबवलं. म्हणाली, "नको पप्पा. मला हीच बास."

"अगं, बोटं चढतात म्हणतात ना बाई?"

"हीच बास."

परतीच्या वाटेवर अंधार पडत आला होता. उसाच्या ट्रॉल्यांची रांग तशीच. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"व्हय. बाईंना विचारलोतो. माझ्या सतारीचं न्हाय सांगितलं. नुसतं विचारलो, घोडी घासली तर काय होतं."

"मग मला का न्हाय सांगितलंस?"

तिनं मांडीवरची सतार सारखी केली. मग म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना दाखवत होता की. दत्तूमामांना, शेजारच्यांना. आरशासारखी केली म्हणून. मला वाटलं, मोठी आली की आपोआप सुटंल."

आणि मोठी मीच अडवून धरली होती. धड वाजव, मग घेतो म्हणून.

"मग आज का नको म्हणालीस?"

"मोठी घेतली आणि तिचंबी काय बिघडलं तर? परत मलाच ओरडणार तुम्ही."

यावर मला बोलता आलं असतं. चुकलो म्हणता आलं असतं, तीन अक्षरं आहेत. मी समोरच्या ट्रॅक्टरला हॉर्न मारला.

त्याला आता वर्ष होत आलं. सतार छान वाजते. पाऊस आला, गेला, पंचगंगेचं पाणी चढलं, उतरलं, गणपती झाले. शरू बोटभर उंच झाली. लहान सतार तिच्या मांडीवर आता खेळण्यातली वाटते, खालच्या पडद्यांवर बोटं खरंच एकमेकांवर चढतात, आणि ती वाकून वाकून वाजवते. बाई मला दिसतील तिथं विचारतात. मी दर महिन्याला तिला विचारतो, "शरू, जायचं का मिरजेला?" आणि ती म्हणते, "बघू की." माझाच शब्द, माझ्याच आवाजात. मला खात्री आहे की तिला मोठी सतार हवी आहे. क्लासहून आल्यावर तिचे हात हवेत जरा लांब लांब फिरतात ते मी बघतो. तिला सतार नको नाहीये, माझी भीती वाटते. ओरडण्याची. ते कळल्यापासून मला कुठंच बसवत नाही. वर्कशॉपमध्ये बसवत नाही, जेवताना बसवत नाही. दत्तूमामा म्हणतात, मालकांना काहीतरी चावलंय.

गेटचा आवाज आला. सुजाता फुलांची पिशवी घेऊन आली, आणि तिच्या मागं शरू. खांद्यावर सतार.

गेल्या वर्षीसारखी तिनं ती टेबलावर ठेवली नाही. लेथच्या शेजारी खाली पोतं अंथरून मांडी घालून बसली आणि सतार मांडीवरच धरली. माझ्या हातात पुसायची चिंधी होती. तिनं आधी चिंधीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

पोरं आजूबाजूलाच होती. शेजारचे पावणंही आले होते, नारळाच्या वेळेला ते चुकत नाहीत. मी म्हटलं, "दत्तूमामा, गेल्या वर्षी मी ह्या सतारीची घोडी घासून तुम्हाला दाखवली होती. आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? आरशागत केलती."

"वाट लावली होती मी तिची. आवाज मारला होता. आणि तीन महिने हिलाच ओरडत होतो, धड वाजवत न्हाईस म्हणून. मिरजेत त्या कारागिरानं चार माणसांत विचारलं, कुणी केलं, तर हिनं स्वतःवर घेतलं. मी तिथं भोपळे बघत उभा होतो." आता थांबलो असतो तर परत वर्ष गेलं असतं. "शरू, मी चुकलो. घासायला चुकलो, ओरडायला चुकलो, आणि गप्प बसायला तर लईच चुकलो."

सुजाताच्या हातातली फुलं तशीच राहिली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. दत्तूमामांनी माळेची गाठ मारली आणि म्हणाले, "मी तवाच म्हणणार हुतो, हाडाला कशाला पॉलिश पेपर. पण मालकाला कोण सांगणार?" पोरं हसली. पावणं हसले. शरू हसली नाही. तिनं एक खुंटी पिळली, तार छेडली, कान लावून ऐकली, परत पिळली. मी उभाच.

मग तार सोडता सोडता ती म्हणाली, "पप्पा, मोठी घ्यायची तर चाचांना दिवाळीच्या आत सांगायला पाहिजे. परीक्षेला पाहिजे मला."

"उद्याच जाऊ."

"उद्या दसरा हाय."

"मग परवा."

"परवा चालंल." तिनं माझ्या हातातली चिंधी ओढून घेतली. "पण पुसायची मी."

ती भोपळा पुसायला लागली, हलक्या हातानं, घोडीच्या अलीकडं थांबून. मी जाऊन दत्तूमामांच्या शेजारी पायरीवर बसलो.